"तुमच्या लेकीचं हे असं कसं?" आणि आम्हाला सारखे विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

आमची लेक तिसरीत आहे आणि घरात कायम तिचा काही ना काही उद्योग चालू असतो, त्यामुळे लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, आत्या-मावश्यांच्या फोनवर आम्हाला तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आम्ही कोणी तज्ज्ञ वगैरे नाही. मी ऑफिसात एक्सेल भरतो, बायको बँकेत आहे, घरी माझी आई असते. घर पुण्यात, दोन बेडरूमचं, चौथ्या मजल्यावर, अंगणबिंगण काही नाही हे आधीच सांगतो.

मुलगी खूप हुशार आहे ना हो?

उचापती आहे. हुशारीचं माहीत नाही. मार्क मधलेच असतात, तेराच्या पाढ्याला गाडी अजून अडते आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. लोक हे दोन्ही एकच धरतात, म्हणजे पोरीने आकाशकंदिलाला खेळण्यातली मोटर लावून तो फिरवला की लगेच "हिला स्पर्धा परीक्षांना बसवा" असा सल्ला येतो. अहो तिला कंदील फिरवायचा होता, फिरला, विषय संपला.

ती दिवसभर "का" विचारते. तुम्हाला सगळ्याची उत्तरं येतात?

छे हो. अर्ध्याच्या वर येत नाहीत. आणि जी येतात तीही लगेच द्यायची नाहीत असं आम्ही ठरवून टाकलंय, कारण उत्तर दिलं की विषय तिथेच मिटतो आणि ती पुढच्या प्रश्नावर उडी मारते, म्हणजे तुमचाच ताप वाढला. त्यापेक्षा हातात काहीतरी द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

उदाहरण सांगतो. युनिफॉर्मवर वरणाचा डाग पडलेला, आईने त्याला साबण लावला आणि पिवळा डाग झटकन लाल झाला. लेक बाथरूमच्या दारात, "आजी, रक्त आलं?" आता हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कधर्मी गोष्टीत लाल होतं हे मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. आई म्हणाली, अगं कुंकू पूर्वी असंच करायचे, हळदीला चुना लावून. झालं. संध्याकाळी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या तयार आणि ओट्यावर वाट्यांची रांग: लिंबू, ताक, खायचा सोडा, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, चिंचेचा कोळ, माझं आफ्टरशेव्ह. सोड्यात लाल, पावडरीत लाल, लिंबात काहीच नाही. आणि लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं तर ती परत पिवळी होते हे तिचं तिला सापडलं, त्याचा आनंद एवढा की दुसऱ्या दिवशी व्हॅनमधल्या सगळ्या पोरांना पट्ट्या वाटून आली. मग जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर घासून तेच केलं, तिथे लिंबाने गुलाबी होतं आणि सोड्याने हिरवट, ते तर अजून भारी दिसतं. आम्ल-आम्लारी हे शब्द तिला अजून ठाऊक नाहीत, शाळेत येतील तेव्हा येतील.

जे घरात करून बघता येत नाही (डायनासोर, ब्लॅक होल, शिवाजी महाराजांच्या घोड्याला ट्रेकिंग कोणी शिकवलं) ते "नंतरच्या वहीत" जातं. वही रविवारी दुपारी उघडायची. तोपर्यंत निम्म्या प्रश्नांमधला तिचाच इंटरेस्ट गेलेला असतो, आणि जे उरतात त्यांच्यासाठी मग आम्ही पुस्तकं काढतो, कोणालातरी फोन करतो, शोधाशोध करतो.

मग कधी चिडत नाही का?

चिडतो की! व्हॅनवाले काका खाली हॉर्न मारतायत, एक मोजा सापडत नाहीये आणि ही विचारतेय की बुटांना डावं-उजवं असतं मग मोज्यांना का नसतं. अशा वेळी "आत्ता नाही, वहीत लिही", कधी आवाज चढवून सुद्धा. एखाद वेळी ओरडल्याने मुलांची जिज्ञासा मरते वगैरे जे सांगतात ते फार मनावर घेऊ नका.

आम्ही दोघंही नोकरीवाले, वेळ कुठून आणायचा?

आम्हीही दोघं नोकरीवालेच. वेगळा वेळ काढायला गेलं की काहीच होत नाही हे लवकर कळलं, म्हणून जे घरात चालूच असतं त्यात तिला घुसवतो, आणि सगळ्यात जास्त काय चालू असतं तर स्वयंपाक.

इडलीचं पीठ बायको काचेच्या बरणीत ठेवते आणि जिथपर्यंत पीठ आहे तिथे बाहेरून रबरबँड. सकाळी उठून लेक बघते किती वर आलं. मे महिन्यात पीठ बरणीतून बाहेर पडायला बघतं, डिसेंबरात तसूभर हलत नाही, मग तिनेच आजीची शाल बरणीला गुंडाळली. पिठातले सूक्ष्मजीव वायू सोडतात आणि उबेत जास्त कामाला लागतात एवढं तिला त्यावरून आपोआप कळलं. दह्याचं पण केलं: तीन वाट्या दूध, एक कडकडीत गरम, एक कोमट, एक फ्रिजमधलं, तिन्हीत सारखंच विरजण. कोमटातलं छान लागलं, फ्रिजमधलं लागलंच नाही, कडकडीत दुधातलं पण नाही कारण त्यात विरजणातले जिवाणूच मेले. आई वर्षानुवर्षं करंगळी दुधात बुडवून बघते ती कशासाठी हे मलाही तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं, खरं सांगायचं तर.

फुलका कशाने फुगतो, भेंडी आडवी चिरली की पाच कोपऱ्यांची चांदणीच का निघते, कुकरची शिट्टी मध्येच थांबते कशी. यातलं बरंचसं भाजी चिरता चिरता होतं. आठवड्यातून एखादा दिवस असाही जातो की आम्ही सगळे दमलेले असतो आणि खिचडी खाऊन झोपतो, त्याचं वाईट वाटून घेत नाही.

आजीला हे सगळं पटतं का?

आजीचा एकच मुद्दा आहे, अन्नाशी खेळायचं नाही, आणि तो मुद्दा मला मान्य आहे. त्यामुळे भेंडीचे ठसे करायचे तर देठाकडचा जो तुकडा आपण टाकतोच त्याचेच. बटाटा कापून ठसे केले तर नाही चालत. प्रयोगातलं दही कढीत जातं. बाकी आजी ही घरातली सगळ्यात चांगली पार्टनर आहे कारण तिला कसलीच घाई नसते, आम्हाला असते.

घर असं का दिसतं?

हा प्रश्न थेट कोणी विचारत नाही, दारातून आत आल्यावर एक क्षण थांबतात त्यातच तो येतो.

आमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात एक चटई आहे. चटईवर काहीही चालतं. चटईच्या बाहेर काही आलं तर ते रात्री मी उचलतो आणि उचललेलं कुठे ठेवीन याची गॅरंटी नाही. आणि एक पत्र्याची ट्रंक आहे, माझ्या वडिलांची, त्यात मावेल तेवढंच भंगार ठेवायचं, नवीन हवं तर जुनं काढ. हे दोन नियम सोडले तर तिसरा नाही. पूर्वी खूप होते, कोणालाच आठवायचे नाहीत.

ट्रंकेत काय असतं: पुठ्ठे, बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, चिंचोके, करवंट्या, खराट्याचे हीर, सुतळी, जुन्या चपलांचे पट्टे, आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेइतका उत्तम जाड कागद बाजारात मिळत नाही, शिवाय सोनेरी. फेविकॉल आणि चिकटपट्टी मात्र विकत आणावी लागते आणि ती किती लागते ते सांगत नाही, सासूबाईही हे वाचतात.

त्यात एक वस्तू सगळ्यांनी आणावी असं मी म्हणेन, सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब, ती बारीक रबरी नळी. तिचे छोटे तुकडे करून त्यात माचिसच्या काड्या खुपसायच्या (गुल आधी काढून टाका), की त्रिकोण, चौकोन, घरं, पूल काहीही उभं राहतं. ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांसाठी १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला त्यात जाऊन त्यांनी हे असलं स्वस्तातलं साहित्य बनवलं, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि ढीगभर पुस्तकं नेटवर फुकट आहेत, मराठीत सुद्धा.

तर लेकीने चौकोन केला, तो ढकलला की लगेच कलंडतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात तिरकी काडी घातली तर तोही हलायचा थांबला. त्यानंतर दोन आठवडे आम्ही रस्त्याने जाताना नुसते त्रिकोण बघत होतो, रेल्वेचा पूल, मोबाईल टॉवर, होर्डिंगचा सांगाडा, मंगल कार्यालयाच्या पत्र्याखालची कैची. बायकोला मी म्हटलं आता हिला बोगद्यातून ने, तिथे तरी त्रिकोण नसतील.

कोणकोणते क्लास लावलेत?

पोहण्याचा. ते यायलाच पाहिजे.

बाकी नाही. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. रोबोटिक्सच्या एका डेमोला गेलो होतो, तिथे पोरं चित्रात दाखवलंय तसं जोडत होती, सगळ्यांची गाडी सारखीच झाली, सगळे खूश. वाईट काही नाही त्यात, पण त्या पैशात दोन-तीन वर्षांचं चिकटपट्टीचं बजेट बसतं. डोळ्याला पट्टी बांधून मूल वाचायला लागेल असं सांगणारे जे असतात त्यांना दारातूनच परत पाठवा, नाकाच्या फटीतून खालचं दिसतं, कोणीही वाचेल.

चित्रकलेच्या क्लासबद्दल माझं मत जरा तिखट आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड, हे चित्र मी काढलं, माझ्या बापाने काढलं, आता लेकीने पण काढायचं का? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्या आहेत, हात बसतो, दहावीला वाढीव मार्क पण मिळतात, पण ते सातवी-आठवीत बघू. तिसरीत कशाला?

"बोअर होतंय" म्हणाली की काय करता?

"बरं" म्हणतो. अर्धा तास घरात लोळते, पंख्याकडे बघते, आजीला छळते, मग ट्रंक उघडल्याचा आवाज येतो. त्या अर्ध्या तासात आपण काही सुचवायचं नाही, अवघड जातं पण नाहीच सुचवायचं.

मोबाईल देता का?

देतो, मोजून. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा दोन तासांच्या आत. आम्ही त्याच्या बरंच खाली असतो, पण पाहुण्यांकडे गेलो की सगळं ढेपाळतं, चालायचंच.

मोबाईलकडे नुसता टीव्ही म्हणून न बघता अवजार म्हणून बघितलं तर जास्त मजा येते असं माझं मत. स्लो मोशनमध्ये नळाचा थेंब पडताना बघा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड दिसतो जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. लेकीने त्यानंतर घरातला प्रत्येक रिमोट तपासला आणि शेजारच्यांचे पण.

आणि "फोनला विचारू का?" याला एक अट आहे. आधी तुला काय वाटतं ते वहीत लिही, मग विचार. नुसतं उत्तर मिळालं की ती विसरते, आपला अंदाज चुकला की मात्र भांडते, फोनशी सुद्धा.

सणावाराला तिचं काय चालतं? तुमचा किल्ला दरवर्षी भारी असतो.

दिवाळीचा किल्ला म्हणजे आमच्याकडे वर्षाचा मोठा प्रोजेक्ट आणि तो पार्किंगच्या कडेला, सेक्रेटरींच्या परवानगीने. विटा, दगड, वरून पोतं, पोत्यावर कालवलेली माती. हे सगळ्यांना माहीत आहे. पण गवतासाठी सगळे जण मोहरी का अळीव यावर भांडतात तेव्हा आमचं मत अळिवाला. अळीव भिजला की भोवती बुळबुळीत चिकट थर येतो, त्यामुळे उभ्या उतारावर पण दाणा चिकटून बसतो, मोहरी घरंगळून खंदकात. हे लेकीने पाटावर मातीचा थर देऊन, पाट तिरका ठेवून दोन्ही पेरून पाहिलं होतं. अळीव दोन-तीन दिवसात फुटतो, हिरवंगार दिसायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणजे वसुबारसेच्या आधीच पेरा, लोक धनत्रयोदशीला पेरतात आणि मग भाऊबीज झाल्यावर हिरवळ येते.

यंदा तिचा प्रश्न होता की डोंगराच्या टोकावर पाणी कुठून यायचं. रायगडावरचा गंगासागर तलाव बघून आलो होतो आम्ही, तिथे सांगतात की गडाच्या बांधकामासाठी दगड काढला त्याच खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं, म्हणजे एका कामात दोन कामं. मग आमच्या किल्ल्यावर पण खड्डा, त्यात पाणी, आणि पाणी गेलं झिरपून पोत्यात. प्लॅस्टिकचा कागद घालून दिला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तिला ते नको होतं, "महाराजांकडे प्लॅस्टिक होतं का?" शेवटी कुंभाराकडची चिकणमाती आणून थापली, तरी थोडं झिरपतच होतं, रोज सकाळी शाळेच्या आधी एक तांब्या पाणी घालून यायची. मुख्य दरवाजा पण दोन बुरुजांच्या मध्ये वळवून लपवला, रायगडाच्या महादरवाजासारखा, आणि आता सगळ्या पाहुण्यांना विचारते की दरवाजा शोधा.

गणपती शाडूचा आणि घरीच करतो. एकच सांगतो, मूर्ती उन्हात वाळवू नका, बाहेरून पटकन वाळते, आतून ओली राहते आणि सोंडेला तडा जातो. सावलीत, सावकाश. विसर्जन बादलीत, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि माती पुढच्या वर्षाला.

सुट्टीत कुठे नेता?

संग्रहालयात नेतो पण एका वेळी एकच दालन, कंटाळा यायच्या आधी बाहेर. पुण्यातलं केळकर संग्रहालय मुलांसाठी मला सगळ्यात आवडतं कारण तिथे राजेमहाराजांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त: दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं. बघून आलं की आपल्या घरातल्या अडकित्त्याकडे पण जरा नीट बघतात. मुंबईला गेलो तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, १९८५ पासून आहे, तिथे हात लावायला मनाई नाही ही खरी गंमत.

पण फुकटातली ठिकाणं जास्त कामाची. पिठाची गिरणी, सायकलवाला, टेलर, गॅरेज, कुंभारवाडा. गर्दीच्या वेळी जायचं नाही, काहीतरी काम घेऊन जायचं आणि "मुलगी जरा बघत उभी राहिली तर चालेल का" असं विचारायचं. बहुतेक माणसं फार प्रेमाने दाखवतात. आमच्या गिरणीवाल्या दादांनी तिला पट्टा, जातं, चाळणी सगळं बंद करून उघडून दाखवलं होतं.

आणि मे महिन्यात घरी असाल तर शून्य सावली दिवस चुकवू नका. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो, पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात साधारण २६ मे. जुलैत परत येतो पण तेव्हा ढग असतात. गच्चीवर तांब्या, बाटली, पाइपचा तुकडा उभा करून ठेवा, सावली बुडाखाली गायब होते. वेळ बारा नाही हां, पुण्यात साडेबाराच्या सुमाराला, कारण आपलं घड्याळ ज्या रेखांशावर लावलंय तो उत्तर प्रदेशातून जातो आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य डोक्यावर यायला उशीर. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवशी पाच-सहा पोरं तव्यावर उभं राहिल्यासारखी एक पाय वर करून नाचत होती, चप्पल घालून न्या.

शाळेत त्रास होत नाही का हिचा?

होतो. "मध्येच विचारते" हे प्रत्येक पालकसभेत ऐकतो, आणि बाईंचं काही चूक नाही, वर्गात पन्नासच्या घरात पोरं असतात. आता तिने वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवायचं आणि तास संपल्यावर एकच विचारायचा, कोणता तो तिनेच निवडायचा. बाई खूश आहेत. लेक फारशी नाही.

इतकी चुळबुळ, हे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलतेचा त्रास) तर नाही ना?

नुसते प्रश्न विचारणं आणि उद्योग करणं म्हणजे एडीएचडी नाही. आमची लेक आवडीच्या कामात दीड तास मान वर करत नाही, पण तेवढ्यावरूनही काही ठरत नाही, एडीएचडी असलेली मुलंही आवडीच्या गोष्टीत गुंगून जातात. डॉक्टर हे बघतात की घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्रास होतोय का, सहा महिन्यांहून जास्त चालू आहे का, त्याने रोजच्या गोष्टी अडतायत का. तसं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा, तेच पुढे कोणाकडे जायचं सांगतात. शेजारच्या काकूंना विचारू नका, मलाही विचारू नका.

मरण, देव, बाळ कुठून येतं, असं काही विचारलं तर?

जेवढं विचारलंय तेवढंच आणि खरं. वडील गेले तेव्हा लेक विचारत होती आजोबांना आता थंडी वाजेल का. मी सांगितलं की शरीराचं काम थांबलं की थंडी वाजत नाही, दुखत पण नाही. आई म्हणाली ते देवाघरी आहेत. लेकीने दोन्ही ऐकून घेतलं आणि तिला त्यात काही भांडण दिसलं नाही, मग आम्ही कशाला काढायचं.

भीती नाही वाटत? स्क्रू ड्रायव्हर देता म्हणे हातात.

देतो. स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, पक्कड, कात्री हे सगळं खालच्या खणात, उघडं. काही गोष्टी मात्र कुलपात आणि तिथे अजिबात चर्चा नाही. कुलूप पक्कं असलं की बाकीचं घर मोकळं सोडता येतं, आमचं सगळं त्यावरच चाललंय.

एक नंबर म्हणजे बटण सेल, रिमोटमध्ये, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, स्वस्तातल्या लाइटवाल्या खेळण्यात असतात ते चपटे. गिळले गेले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. असं झालंय असा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, उलटी काढत बसायचं नाही. तसेच ते बारीक ताकदवान लोहचुंबकाचे मणी, दोन गिळले तर आतड्याला मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. संडास साफ करायचं ॲसिड, नळी मोकळी करायची पावडर, फिनेल, ब्लेड, आणि सुजलेल्या मोबाईल बॅटऱ्या.

विजेबद्दल तिला एकच वाक्य पाठ आहे, "सेलची चालेल, भिंतीची नाही." दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, बारीक मोटर, एलईडी, यात तिला पूर्ण मोकळीक. भिंतीत २३० व्होल्ट. आणि प्लग काढला म्हणजे वस्तू सुरक्षित झाली असं नसतं हे मोठ्यांना सुद्धा माहीत नसतं, काही यंत्रांमध्ये कॅपॅसिटर नावाचा भाग वीज धरून ठेवतो.

तिच्या चित्रांचं काय करता? एवढी साठतात.

वर्षाची एक फाइल. फाइलमध्ये काय ठेवायचं ते ती ठरवते, बाकीच्यांचे फोटो काढून रद्दीत. मला आवडलेली बरीच चित्रं अशी गेलीत, इलाज नाही. आणि चित्र दाखवायला आणलं की "छान" म्हणत नाही, ते न बघताच म्हणता येतं हे तिला केव्हाच कळलंय. "ह्या म्हशीला पाच पाय का?" असं विचारलं की मात्र पुढची पंधरा मिनिटं तुमची नाहीत. (चालतेय म्हणून. एक पाय दोनदा काढलाय, आधीचा आणि नंतरचा.)

आमच्याकडे एक बंद पडलेला रेडिओ पडलाय, हवा का तिला?

हवा! सेलवरचा असेल तर डोळे झाकून द्या, आतला स्पीकर काढला की त्यातून मस्त लोहचुंबक मिळतं. जुनं चावीचं घड्याळ, शिलाई मशीनचे सुटे भाग, टाइपरायटर, छत्रीच्या काड्या, कुलपं किल्लीसकट किंवा किल्लीशिवाय, हे पण चालेल. टेपरेकॉर्डर असेल तर वायर मी कापून घेईन, आधी एकदा माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवून. मायक्रोवेव्ह, डब्यासारखा जुना टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर हे कृपया आणू नका, ते आमच्याकडे कोणीच उघडत नाही, मी पण नाही. आणि आणण्याआधी फोन करा, ट्रंकेत जागा आहे का ते तिला विचारावं लागेल.